शाळेला कुणी सांगितलंच नाही

आमच्या घरात लुगडं कधी टाकून दिलं जात नसे. नवं असताना सणावाराला, मग रोजच्याला, विरू लागलं की दांड घालून आणखी वर्षभर, आणि त्यातही राम उरला नाही की त्याचं जुनेर व्हायचं. जुनेराचा धड भाग गोधडीत जाई, थोडा बाळंतिणीच्या खोलीत दुपट्यांसाठी. आणि हाताला सायीसारखा लागणारा सगळ्यांत मऊ तुकडा वाईची आजी बाजूला काढून ठेवी. तो कात्रीने कापायचा नाही, फाडायचा. कापलेली कड टोचते, असं तिचं म्हणणं. टर्रकन हातभर रुंद पट्टी निघे, मग तिच्या घड्या. माजघरातल्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात, कण्यांच्या डब्यामागे, या घड्यांची एक पिशवी असायची. घरातल्या प्रत्येक बाईला ती ठाऊक होती आणि तिच्याविषयी कुणी चारचौघांत बोललेलं मला आठवत नाही.

आजी बोलायची ती दुपारी. पुरुषमाणसं वामकुक्षीला गेली, की ती ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसे आणि खड्यांबरोबर एकेक आठवण बाजूला काढी. सन-साल तिला सांगता येत नसे. ‘प्लेगानंतर’, ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी’, ‘तुझ्या बापाच्या मुंजीत’ हे तिचं कॅलेंडर. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातलं घरातलं सगळं ऐकीव आहे, थोडं माझ्या डोक्यात मागेपुढेही झालं असेल. पण माणसं खरी आणि त्यांचे स्वभावही खरे.

आजीची थोरली बहीण जिजी. तिचं लग्न ‘सारडाच्या धसक्याने’ झालं, हा आमच्या घरातला शब्दप्रयोग. हरविलास सारडा यांचा बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीच्या लग्नाचं वय त्याने १४ केलं, मुलाचं १८. कायदा लागू व्हायच्या आत पोरींना उजवून टाकण्याची देशभर घाई उडाली होती. त्या धांदलीत जिजीही बोहल्यावर चढली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती असं आजी म्हणे. जिजी स्वतः अकरा सांगायची. दोघींचा हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

लग्नानंतर जिजी माहेरीच राहिली आणि शाळेतही जात राहिली. मग एके दिवशी तिला न्हाण आलं. केळीचे खुंट बांधून मखर झालं, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, दाराशी वाजंत्री. सोयऱ्याधायऱ्यांकडून आळीपाळीने ताटं आली, कधी शिरा, कधी घारगे, कधी गव्हल्यांची खीर. साऱ्या आळीला कळलं की अमक्यांची मुलगी शहाणी झाली. त्यानंतर सासरी पाठवणी. तिची दगडी पाटी, एका कोपऱ्यात टवका उडालेली, आजीच्या हाती आली.

आजीच्या वेळेस कायदा लागू झालेला होता. तिचे वडील कायदा पाळणाऱ्यातले, म्हणजे मनापासून नव्हे, सरकारी नोकरी होती म्हणून. त्यामुळे आजी तेरा वर्षांची झाली, तिला पाळी आली, आणि लग्न झालेलं नव्हतं. या वेळी वाजंत्री नव्हती, मखर नव्हतं. तिच्या आईने दार लावून घेतलं, लेकीला कोपऱ्यात बसवलं आणि बजावलं, की हे तुझ्या काकूलाही कळता कामा नये. बिनलग्नाची पोर घरात न्हातीधुती झाली, ही त्या काळी लोकांना सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मराठी सहावी अर्धी राहिली. मास्तर घरी विचारायला आले तेव्हा ‘प्रकृती बरी नसते’ असं सांगितलं गेलं, आणि मास्तर काय समजायचं ते समजले.

या दोन बहिणींची गोष्ट मी पुष्कळदा मनात घोळवली आहे. एकीच्या वेळी वाजंत्री आणि दुसरीच्या वेळी कुजबुज, मध्ये फार तर दोन-तीन वर्षांचं अंतर. शाळा मात्र दोघींचीही सुटली. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या सालांनी सांगतात. भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली काढलेली शाळा, १८८४ साली रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्या खटपटीने उभी राहिलेली हुजूरपागा, १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी सुरू केलेलं महिला विद्यापीठ. ती सालं मोलाची आहेत, त्यांच्यामागे शेणाचे गोळे सोसलेली माणसं आहेत. पण दार उघडल्यावर मुलगी आत किती वर्षं टिकली, हा हिशेब तिच्या शरीराच्या वेळापत्रकाने ठरत होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, दहाचं वय बारा करायचं, तेव्हा पुण्यात केवढं रण माजलं! गर्भाधानाचा धर्मसंस्कार बुडेल, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा. म्हणजे मुलीची पहिली पाळी हा तेव्हा जाहीर सभांचा आणि वर्तमानपत्रांचा विषय होता. बोलत नव्हती ती फक्त जिला ती यायची ती मुलगी.

पुढे कायद्यांनी आणि शिक्षणाने लग्नाचं वय पुढे सरकत गेलं, आणि पाळी येण्याचं ठिकाण सासरच्या माजघरातून शाळेच्या बाकावर आलं. ही फार मोठी उलथापालथ होती. शाळेला मात्र कुणी ती सांगितलीच नाही. इमारतींना फळे आले, नकाशे आले, घंटा आली, पुढे प्रयोगशाळा आल्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला दुपारी दोन वाजता घडी बदलायची असेल तर ती कुठे जाईल, हा प्रश्न आराखड्यात नव्हता. तो बायकांनी आपापल्या परीने सोडवला, घरातून, पदराआडून.

आमचे आजोबा त्या काळच्या मानाने पुढारलेले. त्यांच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’चे काही अंक होते, असं माझा काका सांगायचा. मी ते पाहिल्याचं मला अंधूक आठवतं, पण ते ऐकून ऐकून डोळ्यांपुढे आलेलं चित्रही असू शकेल. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी हे मासिक १९२७ साली सुरू केलं आणि १९५३ साली मरण येईपर्यंत चालवलं. शरीराविषयी, संततिनियमनाविषयी मराठीत सरळ, शास्त्रशुद्ध लिहिणारा हा माणूस. त्यापायी खटले भरले गेले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आजोबा हे अंक वाचत आणि कुलूप लावून ठेवत. आजी मात्र महिन्याचे तीन दिवस पडवीत घोंगडीवर वेगळी बसे आणि तिचं ताट वरून वाढलं जाई. घरात ज्ञान आलं होतं, पण ट्रंकेतून पडवीपर्यंत ते पोहोचलं नव्हतं.

त्या तीन दिवसांबद्दल आजीच्या मनात संमिश्र काहीतरी होतं, हेही सांगायला हवं. ‘तेवढीच पाठ टेकायला मिळायची गं,’ ती म्हणे. एरवी पहाटेच्या सड्यापासून रात्रीच्या विरजणापर्यंत उसंत नसलेली बाई त्या पडवीत बसून वाचायची. अर्ध्यात सुटलेली सहावी तिने तिथेच पुरी केली, असं म्हटलं तरी चालेल. पुडीला आलेला वर्तमानपत्राचा कागदही ती उलगडून, मांडीवर सारखा करून वाचून काढी. पण विश्रांती मिळायला अस्पर्श व्हावं लागावं, याचा सल तिला होता. तो तिने बोलून दाखवला नाही. माझी आई सून म्हणून आली तेव्हा आजीने स्वतःहून सांगितलं, ‘तू नको बसूस पडवीत. वारं लागतं तिथं.’ वारा तर बारा महिने लागत होता.

बाहेर बसणं हे पुन्हा ज्यांना परवडतं त्यांचं. आमच्याकडे दूध घालायला येणारी मळ्यातली मावशी हसायची. ‘आमाला कुठलं बसणं, बया? भांगलणीला आलेल्या बाईला मालक काय म्हणंल, चार दिस घोंगडीवर बस म्हणून?’ ती कंबरेला करगोट्यात चिंधी अडकवून उन्हात वाकायची. भिजलेली चिंधी वाळली की मांड्या सोलून निघायच्या, त्यावर खोबरेल. मावशी माळकरी. तिला सोयराबाईंचे अभंग तोंडपाठ होते. चोखोबांच्या या बायकोने चौदाव्या शतकात विचारून ठेवलं आहे, की विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा तरी. त्याही आधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना समजावलं होतं, की शरीराच्या बाकीच्या द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हा एक, त्यात विटाळ कसला. मावशी सोयराबाईंचे अभंग गायची, आणि त्या दिवसांत देवळाच्या पायरीला लांबूनच हात जोडायची. मी तिला कधी यावरून टोकलं नाही. माणसाला जे पटतं आणि जे जमतं त्यात कधी कधी एक अख्खा जन्म जातो.

आता माझी शाळा. १९७०च्या दशकातली, तालुक्याच्या गावची. नाव सांगत नाही, कारण तेव्हा बहुतेक शाळा अशाच होत्या. मैदानाच्या टोकाला दोन पत्र्याच्या खोल्या. कडी एकीला होती, ती आतून नव्हे, बाहेरून. एकीने आत जायचं, दुसरीने दार ओढून धरायचं. पाणी हौदावरून बादलीने न्यायचं, म्हणजे साऱ्या मैदानादेखत. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, उन्हाळ्यातही नाही. लघवीला जळजळतं म्हणून डॉक्टरांकडे गेलेली आमच्या वर्गात मी एकटी नव्हते. घडी बदलायची सोय नाही, म्हणून सकाळची घडी घरी पोहोचेपर्यंत. त्या दिवसांत कवायतीला हात वर करताना पाय जुळवून उभं राहायचं, आणि बाकावरून उठताना मागच्या मैत्रिणीला डोळ्याने विचारायचं, ‘लागलंय का?’ तीही डोळ्यानेच उत्तर द्यायची.

शास्त्राच्या पुस्तकात जननसंस्थेचा धडा होता. ‘हा घरी वाचा,’ एवढं सांगून बाईंनी पान उलटलं. घरी तो वाचून दाखवायला कोण होतं? मला पहिल्यांदा शाळेत पाळी आली तेव्हा आपल्याला काहीतरी भयंकर झालं आहे, असं वाटून मी पत्र्याच्या खोलीत बसून राहिले. शिपाईमावशीने दार ठोठावलं. तिने काही विचारलं नाही. कंबरेला खोचलेला रुमाल काढून दिला, आपल्या मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टीपिन दिली आणि म्हणाली, ‘समद्यांना येतं. मलाबी, तुझ्या हेडबाईलाबी.’ माझं पाळीचं शिक्षण म्हणाल तर ते एवढंच, आणि ते शाळेतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाने दिलं. घरी गेल्यावर आजीने ओव्याचं गरम पाणी दिलं, तूप-मेतकुटाचा मऊ भात कालवला आणि पिशवीतून घड्या काढून दिल्या. डाग आधी गार पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने तो बसतो, हेही तिनेच शिकवलं. वाळत मात्र घालायचं परकराखाली, गोठ्यातल्या दोरीवर, जिथे ऊन येत नाही. ते ऊन लागणंच किती गरजेचं आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. कापड वाईट नाही; साबणाने स्वच्छ धुवून कडक उन्हात वाळवलेलं कापड आरोग्याला चांगलं. वाईट होता तो काळोख.

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. अध्यापिका विद्यालयातून शिकून आलेली, ताठ, खादीच्या साडीतली. तिच्या लक्षात आलं, की सातवीच्या हजेरीपटावर काही मुलींच्या नावापुढे दर महिन्याला ठरावीक अंतराने गैरहजेरीच्या खुणा आहेत. एखादी खूण मग पुढच्या महिन्यात लांबते, आणि दिवाळीनंतर ते नावच पटावरून जातं. तिने कुणाला अहवाल दिला नाही. वर्गातल्या लाकडी कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. त्यात धुवून उन्हात वाळवलेल्या घड्या, सेफ्टीपिना, नाडी आणि एक जादा परकर. मुलींना एवढंच माहीत, की ‘बाई, खडू घेऊ का?’ असं विचारलं की बाई किल्ली देतात. शाळेच्या मोरीला आतून कडी बसवून घ्यायला तिला सरपंचांच्या बायकोमार्फत दोन वर्षं चिकाटी धरावी लागली. कडी बसली त्या दिवशी तिने घरी पुरणपोळी केली. आजोबांनी विचारलं, ‘आज काय विशेष?’ ती म्हणाली, ‘शाळेला कडी लागली.’ त्यांना काही उलगडा झाला नाही, पण पोळी त्यांनी चवीने खाल्ली.

याच आत्याने एका ज्येष्ठात, आपली अडचण असताना, मुद्दाम आंब्याचं लोणचं घातलं. फोडी केल्या, मसाला कालवला, बरणीला दादरा बांधला. दिवाळीत सगळे पंगतीला बसून लोणचं चाखत असताना तिने सांगून टाकलं. पंगतीत सन्नाटा. सगळ्यांच्या नजरा आजीकडे. आजीने बोट चाटलं, जरा विचार केला आणि म्हणाली, ‘मीठ बरोबर पडलंय. मग टिकायचंच.’ आमच्या घरातला विटाळ त्या पंगतीत संपला.

नंतर पॅड आले. मुंबईच्या मावशीने कमरेला पट्टा बांधायचे आणले होते, ते आम्ही सगळ्या बहिणींनी हातात घेऊन पाहिले. मग दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. त्या लागल्या की काका पाणी प्यायला उठायचे. औषधाच्या दुकानात पुडकं आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत. १९८५ पासून राज्यात मुलींना बारावीपर्यंतची फी माफ झाली, पुढे अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एस.टी.चा मोफत पास आला. खेड्यातली मुलगी फाट्यावरून बसने हायस्कुलात येऊ लागली, आणि फीचा, वाटेचा असे दोन मोठे अडसर दूर झाले. तिसरा पत्र्याच्या खोलीत तसाच राहिला.

त्याच्याकडे सरकारचं लक्ष जायला एकविसावं शतक उजाडलं, आणि तेही एक पाऊल पुढे, एक मागे असं. किशोरवयीन मुलामुलींना शरीराची माहिती द्यावी असा कार्यक्रम २००५ साली केंद्राने आखला. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो संस्कृतीच्या नावाने थांबवला. चक्रधरांच्या आणि कर्व्यांच्या महाराष्ट्राने! २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलं. २०११ पासून आशाताई काही जिल्ह्यांत ६ रुपयांत ६ पॅडचं पाकीट घरोघर नेऊ लागल्या. २०१५ साली पाळीच्या स्वच्छतेविषयी राष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. पाणी, साबण, आडोसा आणि विल्हेवाट ही शाळेची जबाबदारी असल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ८ मार्च २०१८ रोजी राज्यात अस्मिता योजना आली: जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला ५ रुपयांत ८ पॅड, आणि तेही गावातल्याच बचतगटाकडून. मधल्या काळात, जुलै २०१७ मध्ये, वस्तू व सेवा करात पॅडवर १२ टक्के कर बसला. कुंकू-बांगड्यांवर नाही, यावर. देशभर आवाज उठला आणि वर्षभरात तो कर काढावा लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघितले तर १५ ते २४ वयोगटात आरोग्यदायी साधन वापरणाऱ्या २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ७८. त्याच पाहणीत निम्म्याजणी कापडही वापरत होत्या. माझ्या आजीची पिशवी अजून पुष्कळ फडताळांत आहे, आणि तिला ऊन मिळतं की नाही हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

पॅड आले तसा कचराही आला. शाळेत झाकणाचा डबा नसला की मुली वापरलेला पॅड खिडकीच्या गजाआड खुपसतात, नाहीतर दप्तरात घरी नेतात. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचक बायकांच्या संस्थेने २०१३ साली वापरलेल्या पॅडची पोतीच उत्पादक कंपन्यांना धाडली होती: आमच्या हातांचा विचार करा. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असं त्या सांगत आल्या. २०१६च्या घनकचरा नियमांत गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. मुलींना पॅड कसा वापरावा हे सांगताना तो कसा गुंडाळावा हेही सांगायला हवं, कारण कचरा निवडणारी ती मावशीही कुणाची तरी आजी असते.

माझी भाची अभियांत्रिकीला आहे. वसतिगृहात राहते, प्रॅक्टिकलला तासन्‌तास उभी असते. कॉलेजात गेलं की मुलगी मोठी झाली, आता सोयीचं काय विचारायचं, असा एक समज आहे. पण दुखायचं ते दुखतंच, आणि हजेरीचा टक्का तिथेही कापला जातो. तिने मला केरळातली गोष्ट सांगितली. कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने २०२३च्या जानेवारीत मुलींना हजेरीत २ टक्के सूट दिली, आणि सरकारने ती राज्यातल्या इतर विद्यापीठांनाही लागू केली. मुलींना आता ७५ऐवजी ७३ टक्के हजेरी पुरते. त्याच भागात, त्रिपुणितुराच्या मुलींच्या सरकारी शाळेत, १९१२ साली पाळीच्या दिवसांत वार्षिक परीक्षा चुकली तर ती नंतर देण्याची मुभा मिळाली होती. माझ्या आजीची शाळा सुटायच्या वीसेक वर्षं आधी! भाचीने हे सांगितलं तेव्हा मला त्या दारात उभ्या असलेल्या मास्तरांची आठवण झाली. ते वाईट नव्हते. त्यांना ‘पुढच्या आठवड्यात पाठवा’ असं म्हणता येतं, हे कुणी दाखवलं नव्हतं.

आणि तरीही, २०२५च्या जुलैत, ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या डागांवर उपाय होता बादलीभर पाणी, साबण आणि एक प्रेमाचा शब्द. आमच्या शिपाईमावशीपाशी तो शब्द होता, तो शिकलेल्या माणसांच्या शाळेत का नसावा?

२०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतल्या पाळीच्या स्वच्छतेसाठी देशभर एकसारखं धोरण आखायला केंद्राला सांगितलं. धोरणं हवीतच. पण मला आत्याचा डबा आठवतो तो यासाठी, की तिला किती लहान गोष्टींची गरज लागली. आतून लागणारी कडी. नळाला पाणी, तेही मुलींच्या बाजूला. झाकणाचा डबा आणि तो रिकामा करणाऱ्या बाईला हातमोजे. कपाटात चार पॅड आणि एक जादा सलवार, किल्ली मुलींच्याच हाती. पाचवीच्या वर्षी, पाळी यायच्या आधी, साध्या मराठीत सगळं समजावून सांगणारा एक तास, आणि त्या तासाला मुलगेही तिथेच बसलेले. मागच्या बाकावर हसणारा मुलगा उद्या कुणाचा भाऊ, नवरा, हेडमास्तर होणार आहे. त्याला शाळेने सांगितलं नाही तर तो गल्लीत ऐकेल.

आजी, जिजी, आत्या, मळ्यातली मावशी, शिपाईमावशी या सगळ्यांनी आपल्या वाट्याला आलेलं निभावून नेलं, जुनेर फाडून, पिन काढून देऊन, खोटं कारण सांगून. त्यांचे उपकार आहेतच. पण कुणाच्या तरी मायेवर मुलींची शाळा तगून राहावी, ही व्यवस्था पुरे झाली. पालकसभेला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी विचाराच. त्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार स्वतः ओढून पाहा, नळ सोडून पाहा. भिडेवाड्यात जे काम सुरू झालं ते, मुलीला महिन्याच्या कुठल्याही दिवशी निर्धास्त जाता येईल अशी शाळा जेव्हा गावोगाव होईल, तेव्हाच पुरं झालं असं म्हणायचं.